उल्का सखारामला दगड हवे होते

नाव उल्का, आडनाव सखाराम, देश मॉरिशस. लखनौच्या महाराष्ट्र मंडळात ही मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा बायकांनी तिला गराडा घातला. "अगं, सखाराम हे काय आडनाव झालं? खरं आडनाव सांग."

तिने खांदे उडवले. तिच्या पणज्याला कोकणातून बोटीत घालून ऊस तोडायला नेलं होतं. तिकडच्या कारकुनाने विचारलं, नाव काय? तो म्हणाला, सखाराम. कारकुनाने तेवढंच लिहिलं आणि तेव्हापासून सगळं घराणं सखाराम झालं.

मंडळाचे सेक्रेटरी सुधीर बापट मात्र हे मानायला तयार नव्हते. मूळचे रत्नागिरीचे, बँकेत अधिकारी, अलीगंजला स्वतःचं घर. "सावंत असणार. नाहीतर शिर्के. मी शोधून काढीन." मी म्हटलं, "काढा, पण पोरगीला जेवायला तरी बसू द्या." ते माझ्याकडे बघून हसले. मंडळातले लोक माझ्याकडे बघून असेच हसायचे. मी सातवी शिकलेली, लग्न होऊन बार्शीहून इथे आलेली, अमीनाबादच्या मागच्या गल्ल्यांमध्ये चिकनचं भरतकाम करणाऱ्या बायकांची संघटना चालवणारी. गणपतीत आरतीला बोलवायचे, समितीत घ्यायचे नाहीत. न घेवोत.

उल्का भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर बी.एस्सी.ला आली होती. गोमतीपलीकडचं कॉलेज, मुलींचं हॉस्टेल. तिला मराठी कळायची, म्हणजे कळायला लागली होती, पण बोलायची ती हिंदी. आणि रिक्षावाल्यांशी भोजपुरी. तिकडे तिच्या गावात शेजारपाजार सगळा बिहारकडचा, त्यामुळे घरात क्रेओल आणि अंगणात भोजपुरी. परदेशातून आलेली, जीन्स घातलेली मुलगी रिक्षावाल्याला "ए भइया, तनी धीरे चलऽ" म्हणाली की तो पायडल मारायचं विसरून मागे वळून बघायचा. तिच्या पर्समध्ये कायम दगड असायचे. मी एकदा पर्स उचलली तर हात खाली गेला. "ही काय पर्स आहे की गोफण?" ती म्हणाली, "दीदी, सैंपल है। फेंकना मत।"

ही गोष्ट शहाण्णव सालच्या जुलैतली. बी.एस्सी. झाली होती, पुढचा प्रश्न एम.एस्सी.चा होता. गुरुवारी भर दुपारी ती आमच्या ऑफिसात आली, बायका शिवत बसल्या होत्या त्यांच्यातच खाली बसली आणि म्हणाली, "दीदी, काका साइन नहीं कर रहे।"

काका म्हणजे सुधीर बापट. आता ही सहीची भानगड काय ते सांगते. बाहेरगावच्या मुलीला हॉस्टेलमध्ये राहायचं तर गावात एक लोकल गार्डियन लागतो. घरदार असलेला, बरी नोकरी असलेला गृहस्थ. रात्री बाहेर राहायचं, त्याची सही. सहलीला जायचं, त्याची सही. मुलांना असलं काही लागत नाही, मुलं जणू स्वतःच स्वतःचे बाप. मंडळाने ठरवलं की आपली मराठी मुलगी आहे, सुधीररावांनी गार्डियन व्हावं. ते झाले आणि मनापासून झाले, हे मी कबूल करते. तिला टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या बायकोने, पद्मिनीकाकूंनी, तिला घरी ठेवून घेतलं होतं.

पण विषय निघाला आणि काका आडवे आले. उल्काला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. केमिस्ट्री नक्की होती. तिच्या बेटावर साखर कारखाने, कारखान्यात प्रयोगशाळा, केमिस्टला नोकरी ठेवलेलीच. दुसरा विषय जिऑलॉजी. दगडांचं शास्त्र. तिथे एक जागा तिच्या नावाने राखून होती, पण जिऑलॉजीत दर वर्षी डोंगरात फील्ड कॅम्प असतो, तंबूत राहायचं, हातोडा घेऊन फिरायचं. मुलीला प्रवेश द्यायचा तर गार्डियनने आधीच लिहून द्यायचं की कॅम्पला आमची हरकत नाही. शनिवारी दोन वाजेपर्यंत कागद आला नाही की जागा पुढच्या मुलाला.

"मग केमिस्ट्री कर," मी मुद्दामच म्हटलं. बघावं म्हटलं किती दम आहे.

"नहीं करूँगी।"

"का?"

तिने पर्समधून एक काळा दगड काढला, भोकाभोकांचा. "हमारे गाँव में पानी नहीं है, दीदी। चारों तरफ समुंदर, और औरतें टैंकर के पीछे खड़ी हैं। बोरिंग कहाँ करना है, ये बाहर से साहब लोग आके बताते हैं। तीन बार बताया, तीनों सूखे। केमिस्ट तो हर घर में है। पत्थर पढ़ने वाला एक नहीं।"

शिवत बसलेल्या नसीमनने सुई थांबवली. "तो लड़की ठीक तो कह रही है, दीदी। काहे का झगड़ा?"

झगडा काहेचा हेच मला बघायचं होतं. मी चपला घातल्या. उल्काने माझा हात धरला. "गुस्सा मत करना।" मी म्हटलं, "मी कधी रागावते?" बायका तोंडात पदर घालून हसल्या.

अलीगंजला पोचलो तेव्हा सुधीरराव नुकतेच बँकेतून आले होते. स्कूटर पुसत होते. पद्मिनीकाकूंनी मलिहाबादचे दशहरी कापून आणले. मी आंब्याला हात लावला नाही. आधी सही.

"बसा ताई," सुधीरराव म्हणाले. "मला माहीत होतं ही तुमच्याकडे जाणार. पण हे मोर्चाचं काम नाही. परक्या देशातली तरुण मुलगी आहे. वीस मुलं आणि ही एकटी, डोंगरात, तंबूत. काही झालं तर तिच्या वडिलांना तोंड कोणी दाखवायचं? तुम्ही?"

"प्रोफेसर असतात बरोबर."

"प्रोफेसरसुद्धा पुरुषच."

"तुम्हीही पुरुषच, तिला घरी ठेवलं ना टायफॉइडमध्ये?"

"अहो ताई!" पद्मिनीकाकूंनी बशी माझ्यापुढे सरकवली.

सुधीररावांनी शांतपणे हुकमाचं पान टाकलं. "मी माझ्या मनाने काही करत नाही. गेल्या रविवारी तिच्या वडिलांचा फोन आला होता. मी सगळं समजावून सांगितलं. केमिस्ट्री का, जिऑलॉजी का नको. ते स्वतः म्हणाले, हो, हो, आपण म्हणाल तसं. विचारा तिला. समोरच बसली होती. बापाने शब्द दिलाय. बापाच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही आणि तिलाही जाऊ देणार नाही."

मी उल्काकडे बघितलं. ती खाली बघत होती. आता हिचा बापच हो म्हणाला असेल तर मी कुणाशी भांडायचं? माझं डोकं फिरलं, पण फिरलेलं डोकं घेऊन कुठे जायचं ते कळेना. उठलेच. मागून सुधीरराव म्हणाले, "आंबा तरी खाऊन जा," आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला.

फाटकाबाहेर मी तिच्यावर कडाडले. "बाप हो म्हणाला हे आधी नाही सांगायचं? मला तोंडावर पाडलंस."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने दगड या हातातून त्या हातात घेतला. "पापा ने हाँ नहीं बोला।"

"म्हणजे काका खोटं बोलतात?"

"नहीं। पापा ने हो बोला। मराठी में। पापा मराठी में सबको हो बोलते हैं।" मग हळू आवाजात, "उनको मराठी नहीं आती, दीदी।"

मी रस्त्यात उभी राहिले. टेम्पोवाला भोंगा वाजवत वळसा घालून गेला.

मग तिने सांगितलं. तिचा बाप विश्वास साखर कारखान्यात वजनकाट्यावर काम करतो. गणपतीची आरती तोंडपाठ, भजनं पाठ, अर्थ विचाराल तर शून्य. पण गावात तो मराठी लोकांचा पुढारी. गणपती त्याच्याच अंगणात बसतो. आणि मुलगी इथे आल्यापासून महिन्यातून एकदा साक्षात महाराष्ट्रातला माणूस त्याच्याशी फोनवर शुद्ध मराठीत बोलतो. गावातल्या दुकानातून फोन लागतो, भोवती माणसं जमतात, ऐकतात, विश्वास सखाराम मराठीत बोलतोय. कसं म्हणणार तो, मला कळत नाही?

"आणि तू तीन वर्षं गप्प?"

"काका को कितनी खुशी होती है। बोलते हैं, सौ साल बाद भी मराठी टिकी है। पापा को भी कितनी खुशी होती है। मैं बीच में किसको तोड़ूँ?"

मी परत फाटकाकडे वळले. एका वाक्यात काम होतं. उल्का आडवी उभी राहिली, फाटकाला पाठ लावून. "दीदी, आप नहीं बोलेंगी। कसम है। पापा की इज्जत है। बोलेंगे तो वही बोलेंगे।"

मला तोंड बंद ठेवायला सांगणारी माणसं या शहरात बरीच झाली. पोलिस, ठेकेदार, एक आमदारसुद्धा. ऐकलं मी फक्त त्या पोरीचं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही अमीनाबादच्या पीसीओत गेलो. काचेच्या पेटीत दोघी जणी कोंबून उभ्या, बाहेर साड्यांच्या दुकानांचा गोंगाट. तिकडे आधी दुकानदाराने उचलला, मग कुणीतरी विश्वासला हाका मारत पळालं, आम्ही ठेवून परत लावला. शेवटी तो आला. उल्का क्रेओलमध्ये बोलायला लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण पोरगी आधी विनवत होती, मग रागावली, मग गप्प झाली, एवढं कुणालाही कळलं असतं. तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी भोजपुरीतच सुरुवात केली. गल्लीत उभं राहून शिकलेली भोजपुरी, व्याकरण बिकरण मला विचारू नये. म्हटलं, भैया, तुमच्या मुलीची जागा उद्या दुपारी जाणार. बापट साहेबांना वाटतंय तुम्ही केमिस्ट्रीला हो म्हणालात.

"बाप रे," तो म्हणाला. "हम त समझनीं, बेटी के तबीयत पूछत बाड़न।"

तो समजला होता की ते मुलीच्या तब्येतीचं बोलतायत! मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता त्यांना फोन करून सरळ सांगा.

मागे दुकानात कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मग तो म्हणाला, "का कहब? मराठी होके मराठी ना जानीं? उहाँ के आदमी का सोची?"

मला सहन होत नाही असलं. म्हटलं, भैया, तुमची लाज वाचवायला तुमची पोरगी जन्मभर साखर तपासत बसणार आहे, आणि तुमच्या बायका टँकरमागे. घ्या, सांभाळा तुमची लाज.

उल्काने माझ्या दंडाला चिमटा काढला. लाइनवर खरखर झाली आणि फोन कटला. त्याने ठेवला की तुटला, कळायला मार्ग नाही. परत लावला तर लागेना. पीसीओवाला म्हणाला, "बहनजी, उधर का लाइन ही बैठ गया।" उल्का हॉस्टेलच्या रिक्षात बसताना एवढंच म्हणाली, "आपने ज़्यादा बोल दिया।" तिचं खरं असेल. पण कमी बोलून आजवर कुणाचं काय भलं झालं?

शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा अलीगंजला. सुधीररावांना साडेनऊला बँकेत निघायचं होतं. दार उघडून ते म्हणाले, "ताई, मी शेवटचं सांगतो." मी म्हटलं, "नका सांगू. चहा द्या." पद्मिनीकाकू आत गेल्या. उल्का फोनच्या टेबलापाशी बसली, मांडीवर तो संमतीचा कागद आणि काळा दगड. फोनवर क्रोशाचं झाकण होतं. आम्ही दोघी त्या झाकणाकडे बघत होतो. चहा संपला. सुधीररावांनी बूट घातले, स्कूटरची चावी घेतली, हेल्मेट उचललं.

उल्का उठली. कागदाची घडी घालायला लागली, पर्समध्ये ठेवायला लागली, आणि फोन वाजला.

सुधीररावांनी हेल्मेट काखेत धरूनच उचलला. पलीकडचा आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा खुलला, छाती पुढे आली. "नमस्कार विश्वासराव! आज शनिवारी कशी काय आठवण केलीत? प्रकृती कशी आहे?"

लांबचा फोन म्हणून तो माणूस ओरडून बोलत होता. शब्दन् शब्द बाहेर येत होता.

"भाई साहब, तनी रुकीं। हमके मराठी ना आवेला।"

"क्या?"

"मराठी ना आवेला। आरती आवेला, बस। आप जवन कहत रहनीं, हम हो-हो करत रहनीं। लाज लागत रहे।"

सुधीरराव खाली बसले. हेल्मेट काखेतून निसटून सतरंजीवर लवंडलं. "तीन वर्षं?" ते मराठीत म्हणाले, मग सावरून, "तीन साल से? तो आप सुनते क्या थे?"

"आवाज। हमार आजा अइसहीं बोलत रहलन। बूझात ना रहे, सुने में नीक लागत रहे."

आजा म्हणजे आजोबाच, तिकडेही. त्यांचं बोलणं कळत नसे, पण कानाला गोड लागे. सुधीररावांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. पलीकडचा आवाज आता खाली आला होता, पण थांबला नव्हता. मुलीला दगड शिकायचेत. डोंगराची भीती आपल्यालाही वाटते. पण तिला तुम्हीच सांभाळलंत, म्हणून तुम्ही नको म्हणाल तर ती जाणार नाही. निर्णय तुमचा.

फोन ठेवला गेला. सगळं परत त्याच माणसावर येऊन पडलं होतं, आणि आता त्याच्याकडे बापाचा शब्दसुद्धा नव्हता, ना या बाजूने, ना त्या. मी काही बोलणार, तेवढ्यात उल्काने माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

"मला वाटत होतं मी तुझ्या वडिलांशी बोलतोय," सुधीरराव म्हणाले. "मी आपला एकटाच बोलत होतो. सलग तीन वर्षं."

"घरात तरी वेगळं काय करता?" पद्मिनीकाकू म्हणाल्या.

कुणीच हसलं नाही. मग सुधीररावांनी हात पुढे केला. मला वाटलं कागद मागतायत. त्यांनी दगड मागितला.

"हा कुठला?"

"हमारे गाँव का, काका। ज्वालामुखी का।" मग घाईघाईने, "सर ने बताया, सह्याद्री में भी यही है। आपके कोंकण में भी।"

"आमच्या रत्नागिरीत जांभा असतो. लाल. हा नाही."

"जांभा ऊपर है, काका। नीचे यही काला है। पुराने ज़माने का।"

त्यांनी दगड वळवून बघितला, भोकांत नख घालून बघितलं. "आमच्या घरची विहीर काळ्या दगडात लागली होती," ते म्हणाले, आमच्यापैकी कुणाकडेच न बघता. "वडील म्हणायचे, सुरुंग लावायला लागले." मग खिसा चाचपला. "पेन?"

तिघींनी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: कॅम्पहून दर दोन दिवसांनी फोन येणे आवश्यक. मी म्हटलं, "डोंगरात फोन कुठून येणार?" ते उसळले, "तो तुमचा प्रश्न नाही! तार करील." मी कागद ओढून घेतला. वाद घालायला वेळ नव्हता, नाहीतर घातला असता.

कागद वेळेत पोचला. कारकुनाने ती वाढवलेली ओळ वाचून विचारलं, "ये क्या है?" उल्का म्हणाली, "मेरे काका हैं।" त्याने शिक्का मारला.

पुढच्या महिन्यातल्या फोनचं मला पद्मिनीकाकूंनी सांगितलं. सुधीररावांनी हिंदीत सुरुवात केली. हवापाणी, तब्येत, उल्काचे नवे बूट. सगळं सांगून झालं. ठेवायच्या आधी पलीकडून विश्वास म्हणाला, भाई साहब, थोडं मराठीत बोला ना. सुधीररावांना, ज्यांना मंडळाच्या सभेत खाली बसवावं लागतं, त्यांना एकदम काही सुचेना. मग त्यांनी हळूहळू रत्नागिरीच्या विहिरीची गोष्ट सांगितली. पहिल्या सुरुंगाची, दुसऱ्या सुरुंगाची, पाणी वर आलं तेव्हा आई काठावर उभी होती त्याची.

पलीकडून या वेळी हो-हो आलं नाही. तो माणूस नुसता ऐकत होता.